शेतीसंरक्षणाची बंदूक: परवाना कोणाला मिळतो, माकड मारता येतं का, आणि बंदुकीच्या कायद्यावर आपल्या लोकप्रतिनिधींनी काय केलं?

सिंधुदुर्गात बंदुकीचा विषय वर्षातून दोन-तीन वेळा हमखास निघतो. काजू-आंब्याच्या हंगामात वानर-माकडं बागेत उतरली की 'बंदुकीचे परवाने द्या' अशी मागणी होते. निवडणूक लागली की परवानाधारकांना पोलीस ठाण्यातून बंदूक जमा करण्याची नोटीस येते. आणि कधीतरी रात्रीच्या शिकारीत सावज समजून सोबत्यालाच गोळी लागल्याची बातमी येते. मग बिनपरवाना बंदुकांची शोधमोहीम सुरू होते.

या तिन्ही वेळी चर्चा होते ती अर्धीमुर्धी. बंदूक बाळगणं हा हक्क आहे की सवलत? परवाना मिळाला म्हणजे बागेत आलेलं जनावर मारता येतं का? कायदा बदलायचा तर आमदाराला धरायचं की खासदाराला? आणि या विषयावर संसदेत आजवर कोणी काय केलं?

अमेरिकेत प्रत्येक सिनेटरचा बंदुकीबाबतचा 'रेकॉर्ड' मतदारांना पाठ असतो. तिथले परंपरावादी नेते साधारणपणे बंदुकीवरच्या निर्बंधांना विरोध करतात. आपल्याकडे हे गणित तसं नाही. का नाही, तेही पाहू.

थोडक्यात

- भारतात बंदूक बाळगणं हा मूलभूत हक्क नाही. परवान्याशिवाय बंदूक ठेवणं हा गुन्हा आहे.
- शेतीच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद १९५९ च्या शस्त्र कायद्यातच आहे.
- शस्त्र परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. त्यासाठी वन्यजीव कायदा वेगळा आहे, आणि तो जास्त कडक आहे.
- शस्त्रांचा विषय घटनेने केंद्राकडे दिला आहे. विधानसभेत कितीही ठराव झाले तरी शस्त्र कायदा संसदेतच बदलतो.

बंदूक हा हक्क का नाही?

गोष्ट सुरू होते १८७८ मध्ये. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या काळात इंग्रज सरकारने शस्त्र कायदा केला. भारतीयांना बंदूक बाळगायला परवाना लागू लागला, युरोपीय लोकांना मात्र नियमांनी सूट होती. १८५७ चा उठाव होऊन वीसच वर्षं झाली होती. कायद्यामागचा हेतू कोणालाही कळण्यासारखा होता.

त्यामुळे शस्त्र कायद्याला विरोध हा राष्ट्रीय चळवळीचा जुना मुद्दा झाला. १८८७ मध्ये मद्रासला भरलेल्या काँग्रेसच्या तिसऱ्या अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव झाला. पुढे १९३१ मध्ये वल्लभभाई पटेल यांच्या अध्यक्षतेखाली कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांची जी यादी मंजूर झाली, तिच्यात नियमांच्या मर्यादेत राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्कही होता. अहिंसेची भाषा बोलणाऱ्या पक्षाच्या यादीत शस्त्राचा हक्क पाहून आज नवल वाटतं. पण तेव्हाच्या लोकांच्या दृष्टीने प्रश्न बंदुकीचा कमी आणि मानाचा जास्त होता. गोऱ्याच्या हातात चालते ती वस्तू काळ्याच्या हातात का चालत नाही, हा तो प्रश्न.

डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हाच मुद्दा पुन्हा आला. मध्य प्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेले हरि विष्णू कामत यांनी दुरुस्ती सुचवली की कराचीत कबूल केलेला शस्त्राचा हक्क मूलभूत हक्कांमध्ये घाला. उत्तर दिलं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी. त्यांचं म्हणणं असं होतं: काँग्रेसने ही मागणी केली होती हे खरं, पण ज्या परिस्थितीत केली ती आता राहिलेली नाही. तेव्हाचं सरकार परकं होतं आणि गुलाम प्रजेला शस्त्र नको म्हणून बंदी घालत होतं. आता राज्य आपलं आहे. प्रत्येकाला सरसकट हक्क दिला तर तो चोर-दरोडेखोरांनाही द्यावा लागेल. सभेने कामत यांची दुरुस्ती स्वीकारली नाही.

भारतातली बंदुकीची सगळी चर्चा तेव्हापासून याच चौकटीत आहे. अमेरिकेच्या घटनेत दुसऱ्या दुरुस्तीने शस्त्राचा हक्क लिहिलेला आहे, म्हणून तिथे कायदा करणाऱ्याला आधी त्या हक्काला सामोरं जावं लागतं. आपल्याकडे परवाना मागणाऱ्याला कारण सांगावं लागतं.

१९५९ चा कायदा शेतकऱ्याला काय देतो?

स्वातंत्र्यानंतर बारा वर्षांनी नवा शस्त्र कायदा आला. १९५९ मध्ये संसदेने तो केला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो लागू झाला. आजही हाच कायदा आहे, वेळोवेळी दुरुस्त झालेला.

कोकणातल्या शेतकऱ्यासाठी त्यातलं कलम १३ महत्त्वाचं आहे. शेतीच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला परवाना द्यावा, असं हे कलम म्हणतं. ठासणीची बंदूक म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची जुन्या धाटणीची बंदूक. एक बार काढला की पुन्हा भरायला वेळ लागतो. ही बंदूक त्या शेतात पुरी पडणार नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर आतून गुळगुळीत आणि किमान २० इंच लांब नळीची दुसरी बंदूकही देता येते. पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर या तरतुदीत बसत नाही.

नकार कधी देता येतो, हे कलम १४ सांगतं. अर्जदार मानसिकदृष्ट्या अस्थिर असेल, कायद्याने अपात्र असेल, किंवा सार्वजनिक शांततेसाठी परवाना नाकारणं गरजेचं वाटलं, तर अर्ज फेटाळला जातो. पण याच कलमात एक ओळ आहे जी फारशी कोणाला माहीत नसते: केवळ अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही या कारणावरून परवाना नाकारता येत नाही. म्हणजे दहा गुंठ्यांत काजू लावणारा आणि दहा एकरांचा बागायतदार कायद्यापुढे सारखे. नकाराची कारणंही लेखी द्यावी लागतात. ती अर्जदाराला सांगणं लोकहिताचं नाही असं अधिकाऱ्याला वाटलं, तरच हा नियम सुटतो.

त्यानंतर संसदेने काय बदललं?

१९८३: एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त तीन बंदुका, अशी मर्यादा आली.

२०१६: केंद्राने जुने १९६२ चे नियम रद्द करून नवे शस्त्र नियम आणले. बंदूक सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, घरात ती कुलूपबंद ठेवण्याची हमी आणि प्रत्येक परवान्याला राष्ट्रीय यादीतला ओळख क्रमांक या गोष्टी आल्या. ताकदीच्या छऱ्याच्या बंदुकांनाही परवाना लागू झाला. नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा जास्त किंवा छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त असेल तर ती एअरगन 'खेळणं' राहत नाही.

२०१९: सर्वांत मोठी दुरुस्ती. गृहमंत्री अमित शहा यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये विधेयक मांडलं. डिसेंबरमध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलं आणि १४ डिसेंबरपासून ते लागू झालं. त्यातले मुख्य बदल असे:

- एका व्यक्तीकडे तीनऐवजी दोनच बंदुका. वारसाने आलेल्या बंदुकाही याच हिशेबात धरल्या जातात.
- परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं.
- लग्न-मिरवणुकीत हवेत बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.
- साधी बंदूक बिनपरवाना बाळगली तर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद.
- पोलिसांची बंदूक हिसकावली तर दहा वर्षं ते जन्मठेप.

मूळ विधेयकात मर्यादा एकाच बंदुकीची होती. विरोध झाल्यावर सरकारने स्वतःच ती दोनवर आणली.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. अमेरिकेत 'उजवा' नेता म्हणजे बंदुकीवरच्या निर्बंधांचा विरोधक, असं समीकरण आहे. जून २०२२ मध्ये तिथे बंदुकीसंदर्भातला एक मर्यादित कायदा झाला, तेव्हा सिनेटमधल्या १५ रिपब्लिकन सदस्यांनी बाजूने मत दिलं हीच मोठी बातमी ठरली. भारतात मात्र अलीकडची सर्वांत मोठी कडक दुरुस्ती केली ती भाजपच्या सरकारने. आणि शस्त्राच्या हक्काची जुनी मागणी होती काँग्रेसच्या ठरावांत. आपल्याकडे बंदुकीवरचं मत पक्षापेक्षा प्रदेशावर जास्त ठरतं. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या माहितीनुसार २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३.७ लाख शस्त्र परवाने होते. त्यातले १२.७७ लाख एकट्या उत्तर प्रदेशात. महाराष्ट्रात सुमारे ८४ हजार. ज्या राज्यात बंदूक घराण्याच्या प्रतिष्ठेचा भाग आहे तिथला खासदार कोणत्याही पक्षाचा असो, मर्यादा घालताना बिचकतो. कोकणात बंदूक प्रतिष्ठेपेक्षा राखणीची वस्तू आहे. त्यामुळे इथली तक्रार वेगळी आहे, पण ती संसदेत क्वचितच पोचते.

परवाना कसा काढतात?

सिंधुदुर्गात परवाना देणारे अधिकारी म्हणजे जिल्हादंडाधिकारी, म्हणजेच ओरोसला बसणारे जिल्हाधिकारी. पुणे-मुंबईसारख्या शहरांत हे काम पोलीस आयुक्त करतात. वय किमान २१ वर्षं हवं.

१. केंद्राच्या शस्त्र परवाना पोर्टलवर अर्ज भरायचा आणि त्याच्या प्रतीसोबत कागदपत्रं द्यायची. ओळख आणि रहिवासाचा पुरावा लागतो. शेतीसंरक्षणासाठी मागत असाल तर जमिनीचा सातबारा आणि नुकसान होत असल्याचा आधार कामी येतो. वन विभागाने पूर्वी केलेले पंचनामे असतील तर जरूर जोडा.

२. अर्ज चौकशीसाठी पोलिसांकडे जातो. गुन्ह्यांची नोंद, गावातले वाद, घरात बंदूक ठेवायची जागा हे सगळं पाहिलं जातं.

३. सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं.

४. नियमांनुसार पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा आणि तो आल्यावर परवाना अधिकाऱ्याने ६० दिवसांत निर्णय घ्यायचा. अर्ज पडून राहिला तर या मुदतींचा उल्लेख करून लेखी विचारणा करता येते.

५. परवाना मिळाल्यावर ठरलेल्या काळात परवानाधारक विक्रेत्याकडून बंदूक घेऊन ती नोंदवायची. दारू आणि काडतुसं किती बाळगायची, हेही परवान्यावर लिहिलेलं असतं.

परवाना आहे. मग बागेतलं माकड मारता येतं का?

नाही. आणि सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे.

शस्त्र परवाना तुम्हाला बंदूक बाळगू देतो. कोणता प्राणी मारता येतो ते १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा ठरवतो. त्याच्या कलम ११ नुसार दोन वेगळ्या रांगा आहेत.

पहिल्या अनुसूचीतला प्राणी: माणसाच्या जिवाला धोका झाला असेल, किंवा प्राणी बरा न होण्याइतका जखमी-आजारी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक त्याला मारण्याची परवानगी देऊ शकतात. पिकाचं नुकसान हे कारण इथे चालत नाही. हत्ती आणि गवा याच अनुसूचीत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडचं तांबड्या तोंडाचं माकडही याच अनुसूचीत आलं.

दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी: माणसाला किंवा मालमत्तेला, म्हणजे उभ्या पिकालाही, धोका असेल तर अधिकृत वनाधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात. रानडुक्कर इथे येतं. ते मारायची मागणी वन विभागाकडे करायची असते आणि परवानगी हातात पडल्यावरच बार काढायचा असतो.

याचा अर्थ कोकणातल्या बागायतदाराच्या दृष्टीने असा: ज्या प्राण्याच्या नावाने बंदूक मागितली जाते, त्या माकडावर ती चालवताच येत नाही. हवेत बार काढून पळवून लावणं एवढाच तिचा उपयोग उरतो, आणि माकडं आवाजाला लवकर सरावतात हे राखण करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केली तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. छऱ्याच्या बंदुकीने मारलं तरी गुन्हा तोच.

'उपद्रवी प्राणी' जाहीर करण्याची मागणीही वारंवार होते. तो अधिकार कलम ६२ ने केंद्राला दिला आहे. २०१६ मध्ये केंद्राने हिमाचल प्रदेशात शिमल्याच्या माकडांबाबत तशी अधिसूचना काढली होती. पण पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला हे कलम लागू होत नाही. म्हणजे आपल्याकडच्या माकडाला आधी दुसऱ्या अनुसूचीत आणावं लागेल, मग पुढचं. केरळ विधानसभेने २०२५ मध्ये याच दिशेने राज्यापुरती दुरुस्ती मंजूर केली. मात्र केंद्रीय कायद्यात असा बदल करणारं राज्याचं विधेयक राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय लागू होत नाही.

अभयारण्याजवळ राहत असाल तर

वन्यजीव कायद्याचं कलम ३४ सांगतं की अभयारण्यात किंवा त्याच्या हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपली नोंद मुख्य वन्यजीव रक्षकांकडे करायची. या पट्ट्यात नवा शस्त्र परवाना द्यायचा तर त्यांची आधी सहमती लागते.

जिल्ह्याच्या घाटाकडच्या बाजूला राधानगरी अभयारण्य आहे, त्यामुळे तिकडच्या गावांना हे कलम ऐकून माहीत असतं. किनाऱ्यावर मात्र कोणाच्या लक्षात येत नाही की १९८७ मध्ये जाहीर झालेलं मालवणचं सागरी अभयारण्यही कायद्याच्या दृष्टीने अभयारण्यच आहे. कलम ३४ च्या शब्दांत समुद्री अभयारण्य वेगळं काढलेलं नाही. मालवण परिसरात परवान्यासाठी अर्ज करणाऱ्याने हा मुद्दा अर्जाच्या वेळीच विचारून घेतलेला बरा.

कोडगूला सूट, मग कोकणाला का नाही?

हा प्रश्न दरवेळी येतो. कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात कोडव समाजाच्या व्यक्तींना आणि जम्मा जमीनधारकांना शस्त्र कायद्याच्या परवान्यातून सूट आहे. ही सूट इंग्रजांच्या काळापासून चालत आली आणि केंद्राने ती ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवली आहे. कर्नाटक उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये ती वैध ठरवली.

पण ती सूट शेतीच्या नुकसानीसाठी नाही. तिचा आधार त्या समाजाची लष्करी परंपरा आणि जमिनीचा जुना हक्क हा आहे. कोकणासाठी सूट मागायची तर कारण वेगळं मांडावं लागेल आणि कलम ४१ खाली केंद्राकडे मागावं लागेल. शिवाय कोडगूतल्या माणसालाही वन्यजीव कायदा तितकाच लागू आहे.

निवडणुकीत बंदूक जमा करावीच लागते का?

सरसकट नाही. उत्तर गोव्यातल्या एका प्रकरणात २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने सर्व परवानाधारकांना एकाच आदेशाने बंदुका जमा करायला लावणं चुकीचं ठरवलं. छाननी समितीने प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करावा, असं त्यातून ठरलं. जामिनावर असलेले, गुन्ह्याची नोंद असलेले किंवा पूर्वी दंगलीत सापडलेले परवानाधारक ही समिती आधी पाहते. निवडणूक आयोगाच्या सूचना आज याच धर्तीवर आहेत. निकालानंतर बंदूक परत मिळायला हवी.

व्यवहारात काय करायचं? नोटीस आली तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. बंदूक खरोखर राखणीसाठी लागत असेल तर तसं लेखी कळवा. जमा केलीत तर पोचपावती घ्या आणि ती जपून ठेवा.

नकार मिळाला तर दाद कोणाकडे?

कलम १८ खाली अपील करता येतं. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध विभागीय आयुक्तांकडे आणि पोलीस आयुक्तांच्या आदेशाविरुद्ध राज्य सरकारकडे. दुसऱ्या मार्गात निर्णय मंत्र्याच्या टेबलावर येतो, आणि तिथे लोकप्रतिनिधीचा बंदुकीबाबतचा 'रेकॉर्ड' प्रत्यक्ष तयार होतो.

२०२५ मध्ये याच कलमावरून मोठा वाद झाला. पुणे पोलिसांनी नाकारलेला एक परवाना गृहराज्यमंत्री योगेश कदम यांनी अपिलात मंजूर केला होता. अर्जदार एका कुख्यात गुंडाचा नातेवाईक असल्याने शिवसेना ठाकरे गटाचे अनिल परब यांनी राजीनाम्याची मागणी केली. अर्जदारावर गुन्हा प्रलंबित नव्हता आणि निर्णय नियमाने घेतला, अशी बाजू कदम यांनी मांडली. प्रत्यक्षात पोलिसांनी परवाना दिला नाही. कोण बरोबर हा राजकीय वाद बाजूला ठेवला तरी मुद्दा उरतो: पोलिसांचा नकार फिरवण्याचा अधिकार कायद्याने सरकारला दिला आहे, आणि तो कोणाच्या बाबतीत कोणत्या कारणाने वापरला गेला याची एकत्र यादी नागरिकाला सहज कुठे पाहायला मिळत नाही.

आजोबांची बंदूक घरात आहे. काय करायचं?

कोकणातल्या कित्येक घरांचा हा खरा प्रश्न आहे. परवाना आजोबांच्या नावावर होता, ते गेले. मुलगे मुंबईला. गणपतीत घर उघडलं की माळ्यावर बंदूक तशीच.

परवाना व्यक्तीच्या नावावर असतो, घराच्या नाही. परवानाधारक गेला की ती बंदूक घरात ठेवणं बेकायदा ठरतं. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यायची. नंतर वारसाला स्वतःच्या नावावर परवान्यासाठी अर्ज करता येतो. परवानाधारक हयात असतानाही, त्याचं वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं त्याच्याकडे असली, तर तो वारसाचं नाव सुचवू शकतो. हे वेळेत केलं तर पुढची धावपळ वाचते.

आणि शेजाऱ्याला 'एका रात्रीपुरती' बंदूक देणं? तेही गुन्हाच. दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला नेण्यासाठी लेखी अधिकारपत्र देता येतं, राखणीला किंवा शिकारीला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईत दहिसरला माजी नगरसेवकाच्या हत्येत वापरलं गेलेलं पिस्तूल हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचं होतं. त्या अंगरक्षकालाही अटक झाली. गावच्या शिकारीत दुसऱ्याच्या बंदुकीतून चुकून गोळी सुटून कोणी गेलं, तर चालवणाऱ्यावर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा लागू शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. शस्त्र कायदा आणि वन्यजीव कायदा त्यावर आणखी. ज्याची बंदूक, तोही सुटत नाही.

मग पिकाचं काय?

नुकसान झालं की लगेच वन विभागाला लेखी कळवून पंचनामा करून घेणं हा पहिला मार्ग आहे. रानडुक्कर, गवा, हत्ती यांनी केलेल्या नुकसानीला राज्य सरकार भरपाई देतं. रक्कम पुरत नाही ही तक्रार खरी आहे. पण पंचनामा झाला नाही तर नुकसान सरकारी कागदावर झालेलंच नसतं. पुढे परवाना मागताना, प्राणी मारण्याची परवानगी मागताना किंवा अनुसूची बदलण्याची मागणी करताना हाच कागद पुरावा ठरतो.

सौर कुंपण, चांगला गडगा, आळीपाळीने राखण हे उपाय कायद्यात बसतात. कुंपणात थेट वीज सोडणं आणि डुकरांसाठी गावठी बॉम्ब ठेवणं हे दोन्ही गुन्हे आहेत. त्यात माणसं आणि गुरंही मरतात.

कोणाला काय विचारायचं?

पुढच्या निवडणुकीत उमेदवार 'बंदुकीचे परवाने मिळवून देऊ' म्हणाला, तर तो कोणत्या पदासाठी उभा आहे ते आधी पाहा.

- खासदार: शस्त्र कायदा केंद्रीय सूचीतला विषय आहे. वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीही केंद्राच्या हातात आहेत. माकड पहिल्या अनुसूचीतून काढण्याबद्दल तुम्ही संसदेत प्रश्न विचारला का, हा प्रश्न त्यांना.
- आमदार आणि पालकमंत्री: भरपाईचे दर, पंचनाम्याची गती, वनरक्षकांची रिक्त पदं आणि केरळसारखी राज्य दुरुस्ती. हे विधानसभेत मांडता येतं.
- जिल्हा प्रशासन: शेतीसंरक्षणाचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती नाकारले आणि मुदतीत निर्णय किती झाले. ही माहिती माहिती अधिकारात मागता येते.

सात-बारावरचं नाव आणि परवान्यावरचं नाव या दोन कागदांच्या मध्ये आज तीन कायदे आणि किमान दोन सरकारं उभी आहेत. आश्वासन देणारा त्यातल्या नेमक्या कोणत्या दारावर जाणार आहे, हे त्याच्याकडून वदवून घेतलं तर निम्मी भाषणं आपोआप आटोपतील.